जुन्या गाडीला दुसरं इंजिन: नवख्यांसाठी साताऱ्यातून

"काका, प्रीमियर पद्मिनीत कुठलं इंजिन बसेल?" कोरेगावचा एक पोरगा गेल्या वर्षी दारात येऊन उभा राहिला आणि त्याचं पहिलं वाक्य हेच. मी विचारलं, "आधीचं कुठं गेलं?" ते गाडीतच होतं. यवतेश्वरचा घाट चढताना धापा टाकत होतं, धूर मारत होतं, आणि कुणा मिस्त्रीनं ऑइलचं झाकण उघडून "हे संपलं" असा निकाल देऊन टाकला होता. दुपारपर्यंत आम्ही त्या गाडीपाशी बसलो. तिसऱ्या सिलिंडरचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला होता, एवढंच. हेड उतरवून, व्हॉल्व्ह आणि सीट करून गाडी आठवड्यात रस्त्यावर आली. पोरगा जरा हिरमुसला, कारण त्याच्या मनात मारुती एस्टीमचं इंजिन होतं.

हा लेख अशांसाठी आहे. कुणी आजोबांची पद्मिनी गोठ्यातून बाहेर काढलीय, कुणी फलटणकडून जीप आणलीय, कुणाला जिप्सी मिळालीय, आणि आता बॉनेटखाली काय घालायचं हा प्रश्न आहे. सुरुवातीलाच सांगून ठेवतो, इंजिन एकटं येत नाही. सोयरीक केली की सगळं घराणं येतं, तसं त्याच्याबरोबर गिअरबॉक्सशी जुळणं, रेडिएटर, वायरिंग, सायलेन्सर, डिफ (चाकांना ताकद वाटणारा डिफरन्शियल) आणि आरटीओचे कागद येतात. म्हणून जास्त ताकदीचं इंजिन शोधू नका, कमीत कमी मानपान मागणारं शोधा.

पहिली पायरी: जुनं खरंच गेलंय का

कॉम्प्रेशन गेज ही फार महाग वस्तू नाही. स्वतःची घ्या किंवा ओळखीच्या गॅरेजातून तासभर मागून आणा. इंजिन गरम करा. चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, कुणाला तरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक सिलिंडरवर गेज धरून पाचसहा फेरे स्टार्टर मारा. आकडे कागदावर लिहा. एकूण आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एखादा एकदम खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग-बोअर झिजलाय. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर गॅस्केट मधल्या पट्टीत फुटल्याची शक्यता मोठी.

डिझेलला हा गेज चालत नाही. तिथं दाब कितीतरी जास्त असतो, गेज वेगळा लागतो आणि तो इंजेक्टरच्या किंवा हीटर प्लगच्या जागी बसवावा लागतो. ते काम डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडं किंवा जाणत्या डिझेल मिस्त्रीकडं द्या.

धुराचा रंग पाहायला पैसे पडत नाहीत. निळा म्हणजे ऑइल जळतंय. फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला निळा फुगा येऊन बंद झाला तर व्हॉल्व्हची सीलं, त्यासाठी इंजिन बदलायचं नसतं. काळा म्हणजे इंधन जास्त. इथं आपल्या भागातली एक गंमत ध्यानात ठेवा. सांगलीत ट्यून केलेली कार्ब्युरेटरची गाडी महाबळेश्वरला गेली की उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास पोचते, हवा विरळ होते, मिश्रण जड होतं आणि गाडी काळं ओकायला लागते. पसरणीच्या घाटात "इंजिन बसलं" म्हणून घाबरलेली माणसं मी पाहिलीत. वाईला खाली उतरल्यावर गाडी पूर्ववत.

ऑइलचं झाकण काढून चालू इंजिनावर हात धरा. भकाभका धूर येत असेल तर त्याला मिस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात आणि ते रिंगांचं लक्षण आहे. पण थोडी वाफ प्रत्येक जुन्या इंजिनातून येते. तेवढ्यावरून निकाल देणाऱ्या माणसाकडं इंजिन विकायला आहे का, हे आधी विचारा.

आता समजा रिंग-बोअर खरंच गेलंय. तरी पहिला पर्याय इंजिन बांधण्याचाच, म्हणजे खोलून झिजलेले भाग बदलण्याचा. पद्मिनी, ॲम्बॅसेडर, जुनी महिंद्रा जीप, मारुती ८०० यांचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सेट अजून मिळतात. पुण्यात नाना पेठेत एक दिवस पायपीट करावी लागेल. बोअर आणि क्रँक ग्राइंडिंगला कोल्हापूरच्या उद्यमनगरासारखी जागा जवळपास नाही, तिथल्या लेथवाल्यांचे हात ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून बसलेले आहेत. हेड उतरवलं की पिस्टनच्या डोक्यावर काय ठोकलंय ते बघा. काहीच नाही म्हणजे स्टँडर्ड. ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० असं मिलिमीटरमध्ये किंवा दहा, वीस, तीस, चाळीस असं थाउजंडमध्ये (इंचाच्या हजाराव्या भागात) ओव्हरसाइज लिहिलेलं असतं. वीसवर असेल तर अजून जागा आहे. शेवटच्या मापावर असेल तरी लायनर (बोअरमध्ये बसणारी नवी नळी) घालून परत स्टँडर्डला आणता येतं. बांधलेल्या इंजिनाचा नंबर तोच राहतो, म्हणजे कागदांची दगदग शून्य. माझा कल नेहमी इकडंच.

दुसऱ्या इंजिनाकडं कधी वळायचं? कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलाय, ब्लॉकला बेअरिंगच्या जागी तडा गेलाय, क्रँकला आता ग्राइंड करायला मांस उरलं नाही, किंवा आधीच्या मालकानं इंजिन भंगारात घालून रिकामी गाडी तुम्हाला विकलीय. शेवटचा प्रकार आपल्याकडं फार.

दुसरी पायरी: कागद. होय, इंजिनाच्या आधी

नवखे हे सगळ्यात शेवटी करतात. मीही केलं होतं. जीपसाठी एका यार्डातून इंजिन आणलं, स्वच्छ, निळ्या रंगानं रंगवलेलं. भाव बरा मिळाला म्हणून मी खुशीत होतो. घरी आणून रॉकेलनं धुतलं तेव्हा रंगाखाली नंबरची जागा ग्राइंडर मारून सपाट केलेली निघाली. विकणारा म्हणाला, "जुनं आहे, पुसलं असेल." लोखंडावर ठोकलेला नंबर पुसत नाही. ते इंजिन मी बसवलं नाही, विकताही येईना. आज मागच्या अंगणात त्याच्यावर तुळशीची कुंडी आहे.

कायद्यातलं थोडक्यात असं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. इंजिन बदललं तर १४ दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा असतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनीच्या मूळ नमुन्यापासून दूर नेणारा बदल गाडीत चालणार नाही. त्याच वर्षीच्या कायदा-दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणून त्याच मॉडेलचं, त्याच इंधनाचं इंजिन घातलं तर वाट सरळ. पेट्रोल गाडीत डिझेल, किंवा भलत्याच कंपनीचं दुप्पट सीसीचं घालायचं मनात असेल तर पैसे देण्याआधी आपल्या कार्यालयात लेखी अर्ज करा. साताऱ्याचं एमएच-११, कऱ्हाडचं एमएच-५०, सांगलीचं एमएच-१०. गाडी जिथं नोंदलीय तिथं जायचं. तोंडी "होऊन जाईल" म्हणणाऱ्या एजंटाच्या शब्दावर इंजिन उतरवू नका. तो शब्द पासिंगच्या दिवशी तुमच्या शेजारी उभा नसतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. त्या तपासणीत चॅसीच्या नंबरचा पेन्सिलनं ठसा घेतात, इंजिनाचा नंबर आरसीशी ताडून बघतात. विम्याच्या कागदावरही हाच नंबर असतो. तो जुळला नाही तर अपघाताच्या वेळी कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते. आरसी बदलली की त्याच आठवड्यात विमा कंपनीला पत्र द्या.

आणखी एक. तुमची गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असेल, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची फियाट किंवा त्याआधीची विलिज जीप, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. दुसऱ्या जातीचं इंजिन घातलंत की हा दरवाजा बंद. अशा गाडीत आजकालचं इंजिन घालायची घाई करणारा माणूस दिसला की मला त्याचा हात धरावासा वाटतो.

तिसरी पायरी: कुठल्या घराण्यातलं

सोपा नियम असा: तुमच्या गाडीत कंपनीनं स्वतः कुठकुठली इंजिनं घातली होती ते आधी शोधा. कंपनीनं एकदा घातलं म्हणजे माउंटिंग, क्रॉस मेंबर, सायलेन्सर पाइप, क्लचची जोडणी हे सगळं कारखान्यात एकदा सोडवलेलं गणित आहे. ते सुटे भाग भंगारात सापडतात. तुम्ही स्वतः शोध लावलेल्या ब्रॅकेटचा सुटा भाग कुठंच सापडत नाही.

जीपवाल्यांचं नशीब इथं थोर. महिंद्रानं एकाच अंगाच्या गाडीत इतकी इंजिनं घातली की यादी लांबते. जुना २१९९ सीसीचा हरिकेन पेट्रोल. मग सीजे ५०० डी मध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातलं २३५० सीसीचं डिझेल. एमएम ५४० मध्ये प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, म्हणजे २११२ सीसी आणि ६२ अश्वशक्ती. त्याचा मोठा भाऊ २४९८ सीसीचा एक्सडी३पी. आणि पुढं २५२३ सीसीचं डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं. प्यूजोची इंजिनं इनडायरेक्ट इंजेक्शनची, आवाजाला मऊ, पण थंडीत हीटर प्लग धड असल्याशिवाय उठायची नाहीत. मेढ्याकडं डिसेंबरात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. डीआय खडखडतं, बोनेट थरथरतं, पण डिझेल कमी पितं आणि खालच्या फेऱ्यांवर ओढतं. शेतात, कच्च्या रस्त्यावर फिरणार असाल तर डीआय. घरच्यांना बसवून गणपतीपुळ्याला जायचं असेल तर प्यूजो, आणि तुमचे कान दुवा देतील.

ॲम्बॅसेडरचं तसंच. १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल, त्याच मापाचं डिझेल, आणि नव्वदच्या दशकात आलेलं इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल, पाच गिअरसह. हेच इसुझू त्याच कंपनीच्या काँटेसा गाडीतही होतं. म्हणजे ॲम्बॅसेडरवाल्यानं सुधारणा करायचीच तर कंपनीच्याच पावलावर पाऊल टाकावं, आणि इंजिन-गिअरबॉक्स जोडीनंच घ्यावं.

जिप्सीचा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. जुनी एमजी ४१० म्हणजे ९७० सीसी, ४५ अश्वशक्ती. नंतरची जिप्सी किंग १२९८ सीसी. किंगचं इंजिन आणि एस्टीमचं इंजिन एकाच जी-१३ घराण्यातलं, आणि एस्टीमची इंजिनं भंगारात मुबलक. म्हणून लोक एस्टीमचं आणून किंगमध्ये घालतात आणि ते जमतंही. पण एस्टीमचं इंजिन आडवं, पुढच्या चाकांना ओढणारं. जिप्सीत ते उभं बसतं. ब्लॉक आणि हेड तिकडचं घेतलं तरी संप (खालची ऑइलची टाकी), इनटेक, फ्लायव्हील, माउंटिंग ही कातडी जिप्सीचीच ठेवावी लागते. तुमचं जुनं जिप्सी इंजिन भंगारवाल्याला देऊन मोकळे झालात तर नंतर एकेका ब्रॅकेटसाठी फिरत बसाल. मारुती ८०० आणि ओम्नीतही हाच खेळ. दोन्हीत ७९६ सीसीचं एफ-८-बी, पण ओम्नीत उभं आणि मागच्या चाकांना ताकद देणारं.

पद्मिनीला सख्खी भावंडं कमी. १०८९ सीसीचं तिचं इंजिन फियाट ११०० पासूनचं, आणि कंपनीनं पुढं १३६६ सीसीचं डिझेलही दिलं होतं. डिझेल पद्मिनी मी चालवलीय. अॅव्हरेज बरं, पण नाक जड होतं आणि खंबाटकीत मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकायची सवय करावी लागते. पद्मिनीसाठी मी दोनच सल्ले देतो: तिचंच इंजिन नीट बांधा, नाहीतर दुसऱ्या पद्मिनीचं घ्या. मग कोरेगावचं पोरगं परत हिरमुसतं.

आपल्याच मातीतली आणखी एक गोष्ट. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते इथेनॉल आपल्याच कारखान्यांच्या उसातून निघतं आणि आपल्याच जुन्या कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम, पेट्रोल पंपाचं रबर, टाकीपासूनचे जुने होज फुगवतं. जुनं पेट्रोल इंजिन निवडणार असाल तर हे सगळं रबर नव्या जातीचं घालायचा खर्च आधीच धरा. शिसंमुक्त पेट्रोलचंही तसंच. २००० सालापासून देशभर शिसं बंद झालं. त्याआधीच्या काही इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा कडक धातूच्या नाहीत आणि त्या हळूहळू आत खचतात. हेड उघडलंच आहे तर कडक सीटा बसवून घ्या.

चौथी पायरी: टेप, खडू आणि एक गणित

ज्याला दुसऱ्या जातीचं इंजिन घालायचंच आहे त्यानं या गोष्टी मोजल्याशिवाय टोकन देऊ नये. बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, बोल्टांची रचना गिअरबॉक्सशी जुळते का. पुठ्ठा लावून ग्रीसच्या हातानं ठसा घ्या, तोच तुमचा नकाशा. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे दाते क्लच प्लेटच्या दात्यांशी जुळतात का, आणि शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या मधल्या पायलट बेअरिंगमध्ये बसतं का. संपचा खोल भाग पुढं की मागं, खाली पुढचा ॲक्सल किंवा स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो का. एक्झॉस्ट कुठल्या बाजूला. उजव्या हाताला स्टिअरिंग कॉलम असतो, तिथं तापलेला मॅनिफोल्ड नको. पंखा आणि रेडिएटर यांत दोन बोटं तरी जागा राहते का.

मग डिफचं गणित. डिझेल इंजिन पेट्रोलच्या मानानं कमी फेऱ्यांवर संपतं. पेट्रोल गाडीच्या डिफवर डिझेल घातलं की टॉप गिअरमध्येही ते किंचाळत राहतं. डिफचा रेशो काढायला पाटी शोधायची गरज नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, बाकी चाकांना दगड. मागचं एकच चाक जॅकवर उचला, प्रॉपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा आणि उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. शाफ्ट जितके फेरे फिरला तो तुमचा रेशो. एक चाक जमिनीवर अडलेलं असल्यानं दोन फेरे द्यावे लागतात, एक नाही.

समजा रेशो ४.५ आला, टायरचा घेर २ मीटर आहे आणि टॉप गिअर थेट, म्हणजे एकास एक आहे. इंजिन ३,००० आरपीएमवर असताना चाक मिनिटाला ३,००० भागिले ४.५, म्हणजे ६६७ फेरे मारणार. गुणिले दोन मीटर, म्हणजे मिनिटाला १,३३३ मीटर, तासाला ८० किलोमीटर. आता तुमच्या मनातल्या इंजिनाला ३,००० वर तासभर चालायला सुख वाटतं का, ते त्या इंजिनाच्या जुन्या ड्रायव्हरला विचारा.

पेट्रोलवरून डिझेलकडं जाताना लोक ब्रेक विसरतात. पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमधली ओढ ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम देते. डिझेलमध्ये ती ओढ नसते. तिथं अल्टरनेटरच्या पाठीवर किंवा वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो नसलेलं इंजिन घेतलं आणि गाडीला बूस्टर असेल तर पहिल्या उताराला पाय दुखेपर्यंत ब्रेक दाबावा लागेल.

एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं) इंजिन घेणार असाल तर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण हार्नेस (वायरिंगचा जुडगा), सगळे सेन्सर, टाकीतला पंप आणि किल्लीसुद्धा त्याच गाडीची हवी. कापलेल्या वायरांचा गुच्छ देऊन "जोडून घ्या" म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढं चला.

पाचवी पायरी: यार्डात

एकटे जाऊ नका आणि संध्याकाळी जाऊ नका. बॅटरी, पाण्याची बाटली, टॉर्च, पाना-पेचकस, कॉम्प्रेशन गेज आणि एक लांब वेल्डिंगची काडी घेऊन जा. ती काडी कशाला ते सांगतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये कृष्णेनं सांगलीत काय केलं हे आपण पाहिलंय. हजारो गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. त्यांतली इंजिनं अजून बाजारात फिरतात, धुऊन, रंगवून. पाणी आत असताना कुणी स्टार्टर मारला असेल तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन नंतर चालतंही, म्हणूनच धोका. प्लग काढून प्रत्येक पिस्टन सगळ्यात वर आणा, काडी भोकातून टेकवा आणि कडेला खूण करा. चारही खुणा एका उंचीला हव्यात. एखादी खाली राहिली तर त्या सिलिंडरचा रॉड वाकलाय, भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. बाकी पुराच्या खुणा गाळात असतात: स्टार्टरच्या मागं, अल्टरनेटरच्या तारांत, ब्लॉकच्या बोल्टांच्या खळग्यांत वाळलेली बारीक काळी माती. रंगारी तिथपर्यंत ब्रश घालत नाही.

मग हातानं पुली फिरवा, दोन पूर्ण फेरे. कुठं अडतंय का, खरखर आहे का. पेचकसानं पुली पुढंमागं दाबा. थोडी हालचाल चालते, खटकन आवाज येईल इतकी नाही. टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) उघडा. काळं डांबर साचलं असेल तर आधीच्या मालकानं ऑइल बदललेलं नाही. संपचा बोल्ट सोडून पहिलं थोडं ऑइल फडक्यावर घ्या आणि उन्हात धरा. पितळी चमक म्हणजे बेअरिंग सुटत चाललंय. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी मिसळलंय. ब्लॉकच्या कडेच्या वेल्च प्लगभोवती (पाण्याच्या वाटेची भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोप्यांभोवती) गंजाचे ओघळ आहेत का तेही बघा.

शक्य असेल तर जमिनीवर चालवून दाखवायला सांगा. बॅटरी, पेट्रोल-डिझेलचा डबा, पाणी एवढ्यावर इंजिन दहा मिनिटं चालतं. थंड स्टार्ट बघायचा आग्रह धरा. तुम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम असेल तर चहा पिऊन या, तासाभरानं परत. गरम झाल्यावर ऑइल प्रेशर गेज लावून आयडलवर किती राहतं ते बघा, आणि खालून येणारी जड ठोक ऐका. टॅपेटची टकटक वरून येते, ती चालते.

पैसे देताना पक्कं बिल घ्या, त्यावर इंजिनाचा नंबर लिहिलेला हवा. ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत आणि गाडी भंगारात काढल्याचा कागद मागा. त्या गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. नंबरच्या जागेवर बोट फिरवा. नवा रंग, ग्राइंडरचे ओरखडे, वेडेवाकडे ठोकलेले आकडे, यांतलं काहीही दिसलं तर माझी तुळशीची कुंडी आठवा.

आणि इंजिनाबरोबर सगळं घ्या. स्टार्टर, अल्टरनेटर, फ्लायव्हील, क्लच, दोन्ही मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर किंवा पंप, ब्रॅकेट, होज, बोल्टसुद्धा. यार्डवाला बोल्ट मोजत नाही, पण तुम्हाला तो एक बोल्ट साताऱ्यात महिनाभर मिळत नाही.

खर्चाचं म्हणाल तर माझा ठोकताळा असा: इंजिनाला जितके दिलेत तितकेच पुन्हा त्याच्या आजूबाजूला जातात. दुसऱ्या जातीचं असेल तर दुप्पट. त्यात रेडिएटर धरा. मे महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी चढायची असेल तर जुन्या रेडिएटरवर मोठं इंजिन तग धरत नाही.

सहावी पायरी: बसवताना

इंजिन बाहेर आहे तोवर स्वस्तातली कामं उरकून टाका: टायमिंग बेल्ट किंवा चेन, मागचं क्रँक ऑइल सील, वॉटर पंप, वेल्च प्लग, क्लच प्लेट, पायलट बेअरिंग. मागचं ऑइल सील नंतर गळालं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो, सील मात्र चहाच्या पैशांत येतं.

माउंटिंग बदलणार असाल तर आधी नुसता ब्लॉक आणि गिअरबॉक्स जोडून चेनपुलीवर लटकवा, जागा ठरवा, फक्त टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारा. बॉनेट बंद करून बघा, स्टिअरिंग दोन्हीकडं फिरवून बघा, गाडी जॅकवरून खाली उतरवून बघा. गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट आणि डिफचा पिनियन (डिफमध्ये शिरणारा शाफ्ट) एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत, नाहीतर साठच्या पुढं गाडी थरथरेल आणि क्रॉस (प्रॉपेलर शाफ्टचे सांधे) लवकर जातील. मगच पक्कं वेल्डिंग. इंजिन आणि चॅसी यांच्यात जाड अर्थची पट्टी विसरू नका. ती नसली की स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट शोधतो आणि केबल लाल होते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि केबल माझीच होती.

पहिल्या स्टार्टआधी पेट्रोल असेल तर कॉइलची वायर काढून, डिझेल असेल तर स्टॉप ओढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारा. मग चालू करा आणि गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. बांधलेलं इंजिन असेल तर पहिले ५०० किलोमीटर एकाच वेगानं ताणू नका, मग ऑइल-फिल्टर बदला आणि टॅपेट पुन्हा लावा. हेड बोल्ट परत कसायचे की नाही हे त्या गॅस्केटवर आणि इंजिनाच्या पुस्तकावर अवलंबून. जुन्या ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनांना बहुधा कसावे लागतात.

आरसीवर नंबर चढला की पहिली परीक्षा खंबाटकीत नको. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरच्या घाटात घ्या, सकाळी, गर्दी नसताना. बरोबर पाण्याचा कॅन आणि एक मित्र. तापमानाचा काटा अर्ध्यावर चढून थांबला पाहिजे. चढतच राहिला तर कडेला घ्या, बॉनेट उघडा, पण रेडिएटरचं झाकण अर्धा तास उघडू नका. वर पोचलात की गाडी टपरीसमोर सपाट जागी लावा, तो पुठ्ठा पुन्हा खाली सरकवा आणि चहा सांगा. चहा संपल्यावर पुठ्ठा बाहेर काढा. पुढच्या टोकाला थेंब असेल तर पुलीचं सील, मधे असेल तर संपचं गॅस्केट, आणि मागं बेल हाउसिंगखाली असेल तर मघाचं ते मागचं सील.